मास्तरांचं नाव

फादर ब्रेनन समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या आमच्या गावी आले ते एक टेबल, एक छत्री आणि कोऱ्या वह्यांचं खोकं घेऊन. लढाई संपून वर्ष उलटलं होतं. अमेरिकन निघून गेले होते आणि त्यांच्यामागे पत्रे, पिंपं आणि गंजके ट्रक तेवढे उरले होते. त्याच पत्र्यांचं छप्पर घालून आम्ही चर्च पुन्हा उभं केलं होतं. पाऊस आला की आत प्रवचन ऐकू येत नसे, म्हणून पावसात आम्ही नुसतंच गात असू.

फादर टेबलाशी बसले आणि म्हणाले, "जुन्या वह्या गेल्या. आता तुमच्या तोंडून नव्या लिहायच्या. कोण जन्मलं, कोणाचं लग्न लागलं, कोण वारलं."

जुन्या वह्यांचं खरं सांगायचं तर अर्ध्या जपान्यांनी चुलीत घातल्या आणि अर्ध्या आम्ही ओढल्या. तंबाखू गुंडाळायला कागद नव्हता, आणि बाप्तिस्म्याच्या वहीचा कागद कसा पातळ, सावकाश जळणारा.

"माझा बाप्तिस्मा या पोन्द्रोसनं ओढला, फादर," आमचा कानावी म्हणाला. "आणि वर म्हणतो कसा, जरा कडवट आहे!"

"होताच कडवट," पोन्द्रोस म्हणाला. "तुझं लग्न ओढलं ते त्याहून कडू."

फादर हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी मी लढाईत गेलेल्या प्रत्येकाचं नाव वेदीपुढे गाऊन घेणार आहे. एकही सुटता कामा नये."

हे वाक्य माझ्या आईनं ऐकलं. ती मागे, बायकांच्या ओळीच्याही मागे, काखेत चटई धरून उभी होती. घरी परतताना होडीत ती मला एवढंच म्हणाली, "पोसा, त्यांचंही घेतील ना?"

'ते' म्हणजे मास्तर, माझ्या बहिणीचे, सालेपचे नवरे. ते रंबुत्यो बेटावरचे. मिशनच्या शाळेत शिकवायला आमच्याकडे आले, आणि सगळं गाव त्यांना मास्तर म्हणू लागलं. त्यांचा सालेपशी विवाह ठरला त्या दिवसापासून आमच्या घरात, आमच्या भाऊबंदांत त्यांचं नाव बंद झालं. सासूनं जावयाचं नाव घ्यायचं नाही, मेहुण्यानं मेहुण्याचं घ्यायचं नाही, आणि आमच्यासमोर दुसऱ्या कोणीही घ्यायचं नाही. कोणी चुकून घेतलंच, तर आईनं चटई डोक्यावरून ओढून पाठ करायची. केवड्याच्या पानांची, एका बाजूनं शिवलेली चटई. खोळीसारखी अंगावर घेतली की आत माणूस आहे की धान्याचं पोतं, ते कळत नाही.

मास्तर घरी येत तेव्हाही तेच. शिडीवर त्यांचं पाऊल वाजलं की आई असेल तिथं चटईखाली जायची आणि भिंतीकडे सरकून वाट सोडायची. मास्तर खाली बघत झपाझप आत जायचे. थोड्या वेळानं चटईतून आवाज यायचा, "गेले का गं?"

सालेप म्हणायची, "गेले." मग आई बाहेर यायची आणि हातातलं काम पुढे चालू.

एका छपराखाली राहून माझ्या आईनं जावयाचं तोंड धड कधी पाहिलं नाही. पण त्यांचं गाणं मात्र तिनं सोडलं नाही. काय गायचे मास्तर! मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, लढाईआधी मोठ्या मिशनातल्या जर्मन फादरांचीही ऐकली. पण आख्यान उभं करावं तर मास्तरांनी. समोर पोकळ ओंडक्याचा ढोल, दोन काठ्या, आणि आमच्याच होडीच्या गाण्यांच्या चालीवर देवाची कथा. देवाच्या हुकमापासून पळालेल्या आणि माशानं गिळलेल्या योनाचं आख्यान लागलं की बेटाच्या पलीकडून होड्या यायच्या.

योना रे योना, कुठे निघालास?
देव उगवतीला, तू मावळतीला.

असं गात गात ते एकदम थांबायचे आणि विचारायचे, "काय बायांनो, त्या एवढ्या मोठ्या माशाच्या पोटात योनानं खाल्लं काय असेल?"

एकदा मागच्या कोपऱ्यातून, चटईतून, उत्तर आलं, "मासे!"

चर्चभर हशा. सासू जावयाशी बोलली! मास्तर त्या बाजूला न बघता छपराकडे बघत म्हणाले, "वरून उत्तर आलंय, म्हणजे बरोबरच असणार." त्या दिवशी आई चटईखाली बराच वेळ हसत होती. चटई हलत होती, एवढंच आम्हाला दिसत होतं.

आमच्याकडे गाणारा शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफतो. समोर सासू बसलेली, म्हणून मास्तर नाव न गाता त्या जागी ढोलावर आपली हाक वाजवायचे. प्रत्येक पुरुषाची ढोलावरची हाक वेगळी असते. ती वाजली की तो बेटावर कुठंही असला तरी त्याला कळतं, बोलावणं आलं. मास्तरांची हाक अशी होती: एक ठोका, थांबणं, मग घाईघाईचे तीन, आणि शेवटी एक मऊ, जणू काठी हातातून निसटली. ती वाजली की आम्ही समजायचो, आख्यान संपलं.

जपान्यांनी मिशनच्या फादर-सिस्टरांना जहाजावर घालून नेलं, तेव्हा मास्तरांनाही नेलं. मिशनचं घर राखतो, म्हणजे हाही त्यांच्यातलाच, असं झालं. मी त्या दिवशी डोंगरावर, जपान्यांच्या रताळ्याच्या वाफ्यात, बंदुकीच्या धाकानं कुदळ मारत होतो. आई घरी सागोच्या झाडाचं पीठ भाजत होती. शेजारी सांगत, किनाऱ्यानं धरलेल्यांची ओळ चालली होती. मास्तरांचा आवाज आला, "रडू नका, रडू नका." तो आवाज ऐकताच आई चटईखाली गेली. सालेप ओळीमागे धावत सुटली.

मी परतलो तेव्हा चूल विझली होती, पीठ जळून काळं झालं होतं आणि आई चटईखालीच होती.

"पोसा? गेले का रे?"

"ऊठ आई," मी म्हटलं. "घरात कोणी नाही."

सालेप त्या जहाजानंतर फार दिवस जगली नाही. जपान्यांच्या शेवटच्या वर्षी जुलाबाची साथ आली, पोटात काही नव्हतंच, तीत ती गेली. लढाई संपल्यावर राबाउलच्या बंदरावरून परतलेल्या एका मजुरानं सांगितलं, त्या जहाजावरच्या सगळ्यांना वाटेतच मारून समुद्रात टाकलं. त्यानं स्वतः पाहिलं नव्हतं. ज्यानं पाहिलं त्याच्याकडून ऐकलं होतं.

आईचं म्हणणं साधं होतं. "पूर्वी माणूस गेला की त्याची कवटी धुऊन आढ्याला ठेवायचो. फादर आले, म्हणाले, असं करू नका, पुरा आणि वर क्रूस लावा. बरं, तसं केलं. आता यांचं काय? हाडं समुद्रानं खाल्ली. क्रूस कशावर लावू, लाटेवर? नाव तेवढं उरलंय. ते वेदीपुढं एकदा मोठ्यानं घेतलं जाऊ दे. मी डोकं झाकून घेईन. मग ते सुटले, मी सुटले."

फादर गावागावातून नावं लिहीत फिरले. आई टेबलाशी गेली तेव्हा मी होड्या बांधत होतो. काय झालं ते मला नंतर कळलं. नावांना चाल लावायचं काम फादरांनी माझ्यावर सोपवलं. मास्तरांमागे चर्चमधलं गाणं माझ्याकडेच आलं होतं. आम्ही यादी वाचत बसलो. फादर एक नाव म्हणायचे, मी ते सुरात बसवून पाहायचो. आमच्या घराखाली लिहिलं होतं: सालेप. आणि पुढे: बोलायचं-नाही-ते.

आमच्या भाषेत तो एकच शब्द आहे. फादरांनी मोठ्या सुबक अक्षरात लिहिला होता.

"हे नाव तुमच्याकडे फार चालतं वाटतं," फादर म्हणाले. "चौघे आहेत या नावाचे. थोर पूर्वज होता का कोणी?"

मला हसू फुटलं. इतकं हसलो की डोळ्यांत पाणी आलं. फादर बिचारे गोरेमोरे झाले. मी म्हटलं, "फादर, ते नाव नव्हे. चार सासवांनी तुम्हाला सांगितलं, की आम्हाला विचारू नका."

"अरे देवा!" फादरांनी कपाळाला हात लावला. "आणि एक प्रत मी राबाउलला बिशपांकडे पाठवूनसुद्धा दिली."

तिघांची नावं त्या दिवशीच मिळाली. त्यांचे चुलते, मित्र होते. फादरांनी खोडून नीट लिहिली. उरले मास्तर.

"तूच सांग ना," फादर म्हणाले. "देवापुढे बोलायला बंदी कसली? तो रागावायचा नाही, माझा शब्द."

मी खूप विचार केला. आईसाठी मोडतो म्हटलं. मग जे व्हायचं ते होवो, तोंड वाकडं होवो की डोळे जावोत, एकदा म्हणून टाकतो. मी उभा राहिलो, श्वास घेतला, तोंड उघडलं. आणि काहीच आलं नाही.

भीतीनं नव्हे. माझ्याकडे ते नाव नव्हतंच. मास्तर आले तेच 'मास्तर' होऊन. सोयरीक झाल्यावर माझ्यासमोर लोकांनी तोंड सांभाळलं, तेही माझ्या मानासाठी. इतकी वर्षं एका ताटातला मासा खाल्ला, त्यांच्याकडून गाणं शिकलो, आणि त्यांना काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. गावात विचारलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. आमचं गाव केवढंसं, बहुतेक सगळे कुठून तरी आमचे सोयरे, त्यांना बंदी; उरलेल्यांना 'मास्तर' तेवढं ठाऊक.

"योसेफ होतं की बाप्तिस्म्याचं," कानावी म्हणाला.

फादरांनी लगेच लिहिलं. "झालं तर मग! योसेफ."

आईला सांगितलं. ती सुपारीला चुना लावत होती. थांबली.

"योसेफ म्हटल्यावर मी कधी डोकं झाकलंय?"

"नाही."

"मग ते त्यांचं नाव कसं? योसेफ नऊ आहेत. बाप्तिस्म्याच्या दिवशी जुन्या फादरनी रांगेतल्या सगळ्यांनाच योसेफ करून टाकलं. डुकरं चोरतो तोही योसेफच. वेदीपुढं योसेफ म्हटलं तर नऊजण मान वर करतील. हे कशाला मान वर करतील? यांना वाटेल, दुसऱ्यालाच बोलावलंय."

रंबुत्योला जायचं ठरलं. वारा बरा होता. मास्तरांचं मूळ गाव लेवांग. आईही आली, चटई घेऊन, आणि फादरांतर्फे नाव लिहून घ्यायला पोन्द्रोस. लेवांगला पाण्यात नुसते खांब उभे होते, वर घर एकही नाही. बाप्यांना जपान्यांनी मजुरीला नेलं होतं, आणि मागे राहिलेल्यांवर अमेरिकनांचे बॉम्ब चुकून पडले होते. किनाऱ्यावरच्या एका झोपडीत मास्तरांची आत्या तेवढी होती. आमच्यात आत्याचा शब्द फार जड. तिनं भाच्याला आशीर्वाद दिला तर फळतो, शाप दिला तर लागतो.

आई झोपडीबाहेर चटईखाली बसली. नाव निघेल म्हणून आधीच तयार. मी आत जाऊन सगळं सांगितलं.

"नाव मला ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "मीच ठेवलंय. माझ्या बापाचं नाव."

माझा जीव भांड्यात पडला. "मग सांगा आत्या. मी कान झाकतो हवं तर, फादरांच्या माणसाला सांगा. हा पोन्द्रोस आमच्या सोयऱ्यांतला नाही."

"आणि तो कुठं लिहील?"

"वहीत. मृतांच्या—"

"मृतांच्या?" म्हातारी ताठ झाली. "तू पाहिलंस त्याला मेलेला?"

"नाही."

"यानं पाहिलं?"

पोन्द्रोसनं नाही म्हणून मान हलवली.

"मग? हाड आणलंय? दात? केस? काही नाही ना? अरे, मी त्याची आत्या. माझ्या तोंडून मेलेल्यांत नाव गेलं म्हणजे तो असेल तिथं मरेल. कुठंतरी रबराच्या मळ्यात असेल, जपानात असेल. लढाईनं सगळ्यांना गिळलं, एक शिल्लक आहे तो मी माझ्या तोंडानं मारू? उठा इथून."

"आत्या, चार वर्षं झाली. तो माणूस सांगत होता—"

"सांगणाऱ्याच्या तोंडात माती! त्याला माझ्यासमोर आण. माझ्या डोळ्यांत बघून सांगू दे."

मी खूप विनवलं. पोन्द्रोसनं तर योनाचं उदाहरण दिलं. ते उलटंच पडलं. "बघ," म्हातारी म्हणाली, "तोही माशाच्या पोटातून परत आला की नाही?"

बाहेर आलो. चटईतून आवाज आला, "घेतलं का?"

"नाही, आई."

येताना आई म्हणाली, "तिचंही खरंच आहे." नंतर बऱ्याच वेळानं म्हणाली, "नशीबवान बाई." ढग दाटून आले होते, म्हणून आम्ही तिघंही जोरानं वल्हवत होतो. पुढच्या वाऱ्याला मी एकटा पुन्हा जाऊन आलो. झोपडीपुढे आत्याचं थडगं होतं. कोणी पुरलं, तेही सांगायला माणूस भेटला नाही.

मृतांच्या दिवशी चर्च भरलं. पाऊस नव्हता. फादरांनी काळा झगा घातला, वही उघडली, आणि मी लावून दिलेल्या चालीत नावं घेऊ लागले. आवाज गोड होता त्यांचा. प्रत्येक नावानंतर लोक गायचे, 'त्याला किनाऱ्यावर घे.' कुठं हुंदका, कुठं एखादी चटई डोक्यावर जायची. दुसऱ्या सासवांचे जावई एकेक करून किनाऱ्याला लागत होते. माझी आई दाराच्या वाटेवर उभी होती, दोन्ही हातांत चटई उघडी धरून, पाऊस यायच्या आधी बाई डोक्यावर घ्यायला सूप धरते तशी.

"सालेप," फादर गायले.

'तिला किनाऱ्यावर घे.'

"योसेफ, शिक्षक, समुद्रात."

दोघा-तिघा योसेफांनी मान वर केली. लोक गायले. आईची चटई हलली नाही. फादर पुढच्या घराकडे वळले, नावं सरत गेली, वही मिटली.

मला राहवलं नाही. जुना ढोल लढाईत जळाला होता. समोर अमेरिकन तेलाचं पिंप होतं, त्यावरच मी ताल धरत असे. मी काठ्या उचलल्या. नाव माझ्याकडे नव्हतं, पण ठोके होते. मेलेल्या माणसाची हाक कोणी वाजवत नाही, हे मला ठाऊक आहे. एक ठोका. थांबलो. घाईचे तीन. आणि शेवटचा, काठी निसटल्यासारखा.

पत्र्याच्या छपराखाली तो आवाज फार मोठा झाला.

आईनं झटकन चटई डोक्यावरून ओढली, भिंतीकडे सरकली, पाठ केली. दारापासून वेदीपर्यंतची वाट मोकळी झाली. नकळत इतर लोकही सरकले. सगळ्यांच्या नजरा दाराकडे. बाहेर ऊन होतं आणि उन्हात होड्या डोलत होत्या. कोणी आलं नाही.

फादर माझ्याकडे बघत होते. त्यांना काही कळलं नव्हतं, पण ते थांबले, आणि त्याबद्दल देव त्यांचं भलं करो.

चटईतून आवाज आला, "गेले का रे?"

हे सांगायचं काम सालेपचं. आता ते माझ्यावर होतं. मी काठ्या खाली ठेवल्या, आईजवळ गेलो.

"गेले, आई."

मग चटईतूनच, हळू, मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "तू पाहिलेस?"

खोटं बोलावं, असं फार वाटलं. पण वेदी समोर होती.

"नाही."

"मग कशावरून?"

लोक हळूहळू बाहेर पडले. फादरांनी आईच्या चटईवर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि तेही गेले. मी आईला हाताला धरून होडीपर्यंत आणलं. चटई तिनं काढली नाही. होडीत ती एका कडेला अंग चोरून बसली, दुसरी बाजू मोकळी सोडून, घरात मास्तरांना वाट सोडायची तशी. मी वल्हं मारलं की होडी त्या मोकळ्या बाजूला कलायची, आणि पाण्याचा आवाज झाला की ती आणखी थोडी सरकायची.